नानांनी बर्फात ठेवलेली शिशी

रंजे, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी गेले, पंगती उठल्या, सतरंज्या झटकून घड्या घालून झाल्या, आणि नानांनी मला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. आता रडतील, असं मला वाटलं. तू गेल्यापासून ते रडलेच नव्हते. पण त्यांनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाले, "ती शिशी माझ्या हातून गोठली नसती, तं रंजू वाचली असती का?"

मी चहा टाकते म्हणून उठले. चहा कुणालाच नको होता. आधण उकळून आटत आलं तरी मी तिथेच उभी होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. तू माझी धाकटी बहीण आहेस, तुला मी देणारच.

कारण तुझी समजूत होती की ती शिशी वाया गेल्याचं नानांना कळलंच नाही. तू माझीही तीच समजूत करून दिलीस. आणि आपला म्हातारा बाप एवढी वर्षं ते ओझं पोटात घेऊन हसत फिरत होता. आता तू नाहीस आणि उत्तर द्यायला मी उरले आहे. मी राजूरला दिलेली, अंगणवाडीत पोरांची वजनं करणारी बाई. तुझं शास्त्र मी नानांना कसं समजावू? तुझ्या पदव्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर छापल्या होत्या, त्या वाचून लोक माना हलवत होते. त्या ओळींमध्ये तू मला कुठे सापडली नाहीस.

तू मला सापडतेस ती गच्चीवर, कोपरापर्यंत कुरडयांच्या चिकाने भरलेली. आई गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. कुरडया करायच्याच असा हट्ट मी धरला होता आणि तू पुण्याहून चार दिवस आली होतीस. मी सहज विचारलं, तू तिकडे दिवसभर करतेस तरी काय? तू चीक घोटता घोटता सांगितलंस. पेशीवर ताण आला, म्हणजे तिला ऊन लागलं, जंतू शिरला किंवा ती आतून बिघडायला लागली, की ती स्वतःच्या अंगावर, बाहेरच्या बाजूने, एक प्रथिन उभं करते. एरवी ते जवळजवळ दिसत नाही. ते दिसलं की शरीराच्या राखणदार पेशी ओळखतात, येतात आणि तिला संपवून टाकतात. त्या प्रथिनाला तुम्ही इंग्रजी अक्षरांचं नाव ठेवलं होतं, ते मला कधी पाठ झालं नाही. मी त्याला खूणच म्हणत आले. आणि ती खूण शोधायला तुमच्याकडे एक अँटीबॉडी होती. खूण असेल त्या पेशीला चिकटायची, नसेल तिला सोडून पुढे जायची. तिला रंग जोडलेला असायचा, तो यंत्रात चमकायचा. ती चुकीच्या दारात जाऊन तर बसत नाही ना, हे तपासण्यात तुझी वर्षं गेली.

"मंग बरी करती का ती पेशीला?" मी विचारलं.

"न्हाई आक्का. ती फक्त दाखविती."

"म्हणजे ही तं आपली गयामावशी झाली."

तू इतकी हसलीस की चिकाचा हात तोंडाला लागला. भिंतीला भिंत लागून राहणारी गयामावशी. गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाची सून मोरीत जाऊन रडली, हे तिला कसं कळायचं देव जाणे, पण ती येऊन बसायची. मदत करायची नाही, विचारायचीही नाही. नुसती बसायची, आणि ती बसली की गल्लीला कळायचं. पुढे तू मला फोनवर सांगितलंस की तुमच्या प्रयोगशाळेत आता सगळेच त्या अँटीबॉडीला गयामावशी म्हणतात. पेशींना ताण द्यायला बेचाळीस अंशांवर तापवायची तुमची पेटी होती, तिचं नाव तर तू आधीच हसनाबाद ठेवलं होतंस. "आज पेशी हसनाबादला धाडल्यात," म्हणायचीस. आपल्या गावाच्या मे महिन्याची एवढी किंमत तूच केलीस.

पण त्या दिवशी आपण भांडलोही. मी म्हटलं, खूण लावली की मारतात, तर ही येडी लावतेच कशाला, गप बसावं की. तू म्हणालीस, तिनं लपवलं तर बाकीच्यांचं मरण आहे. मी म्हटलं, म्हणजे हिनं मरायचं आणि बाकीच्यांनी खुशाल जगायचं? तू शांतपणे म्हणालीस, असंच असतं. चीक बुडाला लागला, तरी आपलं ते भांडण मिटलं नाही. पुढेही कधी मिटलं नाही.

आता शिशीचं. मला ते सगळं पुन्हा आठवून बघायचं आहे, कारण नानांना सांगायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागणार.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. तू नानांना घेऊन दिलेला फ्रिज निम्मा दिवस कपाट म्हणूनच कामाला यायचा, नाना त्यात डाळी ठेवायचे. तू पुण्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून ती शिशी आणली होतीस. चंदेरी कागदात गुंडाळलेली, करंगळीएवढी, आत लालसर थेंबभर पाणी. दोन दिवसांनी औरंगाबादला एका दवाखान्यातल्या यंत्रावर तुला पेशंटांचे नमुने तपासायचे होते. मीही पोरांना घेऊन माहेरी आले होते. घरात शिरताच तू बजावलंस, उजेड लागू देऊ नका आणि थंड ठेवा. गोठवू नका, हे सांगायचं तू विसरलीस. त्या उन्हात हसनाबादेत काही गोठू शकतं, हे तुझ्या डोक्यात तरी कसं येणार.

दुपारी तुझं डोकं चढलं आणि तू झोपलीस. नानांनी थर्मास उघडून पाहिला, तर बर्फाचं पाणी झालेलं. तुला उठवलं नाही. नाना एसटीचे कंडक्टर, त्यात आपलं काम चोख. भोकरदन-जालना गाडीवर असताना लोक त्यांच्या हाती काय काय द्यायचे. म्हातारीचा चष्मा, दम्याच्या गोळ्या, नवरीचं शिवून आलेलं पोलकं. सगळं ज्याच्या त्याच्या हातात पडायचं. तीच सवय. त्यांनी थर्मास उचलला, काळी-पिवळी जीप पकडली आणि राजूर गाठलं, कारण गणपतीला येणाऱ्या चतुर्थीच्या गर्दीसाठी तिथला बर्फकांड्यांचा कारखाना जनरेटरवर चालायचा. मालक ओळखीचा. नानांनी त्याला विचारलं, सगळ्यात थंड जागा कोणती? त्याने लाकडी झाकण उचलून मिठाच्या पाण्यात, नारंगी कांड्यांच्या मधोमध तुझी शिशी ठेवली. नाना स्टुलावर बसून संध्याकाळपर्यंत तिची राखण करत होते.

ते परतले तेव्हा थर्मास मांडीवर धरूनच जीपमधून उतरले. ताजा बर्फ भरून आणला होता. तू झाकण काढलंस, कागद सोडलास. आतलं लाल पाणी काचेला घट्ट धरून बसलं होतं. मी तुझा चेहरा पाहिला. पापणी लवायच्या आत तो तू बदललास आणि म्हणालीस, "नाना, लई बराबर केलं तुम्ही. जल्दी नेली म्हणून वाचली."

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर तू मला खरं सांगितलंस. एकदा गोठली की तिचा रंग मोडतो, मग ती पेशीला चिकटली तरी चमकेलच असा भरवसा नाही. म्हणजे गयामावशी जाईल, बसेल, पण गल्लीला दिसणार नाही. मी म्हटलं, सांग ना मग त्यांना, उद्या कुणाचं साखरेचं इंजेक्शन नेऊन त्या कांड्यांत ठेवतील. ते मात्र तुला पटलं. त्याच दुपारी, दुसऱ्याच कुणाचं तरी निमित्त काढून, औषधं कधी गोठवायची नसतात, हे तू नानांच्या कानावर घातलंस. पण आपल्या शिशीचं? तू पिळा पिळता पिळता म्हणालीस, "आक्का, उभ्या नोकरीत त्यांच्या हातून कुणाची चीज खराब झाली न्हाई. झाली ती माझीच व्हती, हे त्यांना कशाला सांगू?"

मला राग आला होता आणि तुझी मायाही आली होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर मला बोलता येत नाही. तू ती निकामी शिशी थर्मासमध्ये घेऊन ऐटीत औरंगाबादच्या गाडीत बसलीस. नाना स्टँडवर हात हलवत होते. तिकडे मैत्रिणीकडे थांबून तू पुण्याहून दुसरी मागवलीस आणि काम उरकलंस. कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि नानांचा तो किस्सा सुरू झाला. विहारात, स्टँडवर, कुणाच्या लग्नात. लाईट न्हवती, पण पोरीचं औषध म्या वाचविलं. तू दर वेळी शेजारी बसून मान हलवायचीस. गयामावशीने तर गुडघ्यासाठी ते औषध मागितलं, तेव्हा नाना गंभीर होऊन म्हणाले, आणखी तयार होऊन राह्यलं, आल्यावर देतो. आपण दोघी आत पळालो आणि पदर तोंडात कोंबून हसलो. औषध नव्हे नाना, नुसतं बघायचं साधन आहे ते, हे तेव्हाच बाहेर येऊन सांगितलं असतंस तर? पण हसण्यात ते राहून गेलं. घरातल्या कितीतरी गोष्टी अशा हसण्यातच राहून गेल्या.

मग तुझ्या पोटातली गाठ. तू मला फोन केलास तो भाजीचा भाव सांगावा तसा. आणि लगेच म्हणालीस, नानांना सांगायचं नाही. मी म्हटलं, का? तू म्हणालीस, त्यांनी बर्फ शोधत पळायला नको. मी चिडले. पेशीनं लपवू नये म्हणून जन्मभर भांडलीस आणि स्वतःची वेळ आली की झाकण लावून बसलीस, असं म्हटलं. तू म्हणालीस, मी पेशी थोडीच आहे. ते बरोबरच होतं, म्हणून मला अजून राग आला.

ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी पुन्हा तुझा फोन आला. आवाज दमलेला, पण आत कुठेतरी तुझी जुनी खुमखुमी होती. काढलेल्या गाठीचा तुकडा तू तुमच्या प्रयोगशाळेत मागून घेतला होतास. रीतसर, सह्या वगैरे करून. त्यावर तुझीच अँटीबॉडी सोडली होतीस. तुझ्या स्वतःच्या पेशींवर खूण आहे का, ते तू पाहिलं होतंस. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, होती का?

"लई कमी. शहाण्या निघाल्या गं आक्का. खूण उभी करत्यात आणि कापून रक्तात सोडून देत्यात. राखणदार तिकडंच नादी लागतो, अन् ह्या आपल्या मोकळ्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यावरच गेल्यात."

तू हसायला लागलीस. टाके दुखतात म्हणत हसलीस. मग खोकला आला, मग नुसता तुझा श्वास ऐकू येत राहिला. तू रडत होतीस की नुसती दम घेत होतीस, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. फोन ठेवताना तू म्हणालीस, लसणाची चटणी धाड. मी धाडली.

त्या हिवाळ्यात तू घरी आलीस. डोक्याला रुमाल, थंडीचं निमित्त. नाना म्हणाले, पुण्याचं पाणी मानवलं न्हाई हिला. तू ओसरीवर उन्हाला बसलीस, तर गयामावशी भिंतीला वळसा घालून आली आणि तुझ्यासमोर बसली. ती कधी विचारत नाही, पण त्या दिवशी तिने विचारलं, "पोरी, तुला काय होऊन राह्यलं?" तू म्हणालीस, काही न्हाई मावशी, ऊन लागलंय. थंडीतल्या त्या कोवळ्या उन्हात. मावशी तिथून उठली मात्र नाही. नाना दारात उभे होते. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि तुझे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगते. तू पाणी मागितलंस.

शेवटी मी तुझं ऐकलं नाही आणि नानांना पुण्याला घेऊन आले. ते तुझ्या खाटेशी बसले. काय जेवली, झोप लागती का, दवाखान्याचा खर्चा कसा भागून राह्यला, एवढंच विचारत होते. तूही तेवढंच सांगत होतीस. आजाराचं नाव तुमच्या दोघांच्याही तोंडून निघालं नाही. तू गेलीस तेव्हा त्यांचा हात तुझ्या पायावर होता. त्यांनी तुझ्या अंगावरची चादर नीट केली आणि मला म्हणाले, गाडीचं बघ.

तर आज सकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चहाचं निमित्त आज काढलं नाही. शिशी खराब झाली होती, हे सांगितलं. ते म्हणाले, म्हाईत हाय. मी विचारलं, कसं?

"बाई, तिकीट न काढलेला माणूस मी चेहऱ्यावरून वळखायचो. पोटच्या पोरीचा चेहरा वळखणार न्हाई का? तिला वाटलं मला कळलं न्हाई, तं म्या राहू दिलं. पण तो किस्सा सांगताना मी दर वेळी तिच्याकडं पाह्यचो. वाटायचं, आता तरी म्हणंल, नाना, खराब झाली व्हती ती."

रंजे, ऐकतेस ना? ते सगळ्या गावाला नव्हे, तुला सांगत होते. विहारात, स्टँडवर, लग्नांत. तुला बोलतं करायला बघत होते. आणि तू मान हलवत होतीस, त्यांचं मन राखायला. तुम्ही दोघं एकमेकांना इतकं जपलंत की तुम्हाला बोलायला जागाच उरली नाही. तुझ्यावर माझा राग आहे तो एवढाच. बाकी तुझ्यासारखी बहीण मला मिळाली, यासाठी मी कुणाचे उपकार मानू, तेही मला कळत नाही.

मग मी त्यांना ते दुसरं सांगितलं, जे तू कधीच सांगितलं नाहीस. दुसरी शिशी लगेच आली होती. आणि तशा शंभर शिश्या असत्या तरी त्यांनी तू बरी झाली नसतीस.

"म्हणजे ते औषध न्हवतंच?"

"न्हवतं नाना. त्यानं कुणी बरं होत नसतं. त्यानं फक्त दिसतं."

त्यांचे खांदे खाली आले. इतकी वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, हे मला समोर दिसलं. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग तिचं तिला दिसलं आसंल."

मी हो म्हटलं. तू तुझा तुकडा मागून घेतल्याचं सांगितलं. यंत्राच्या अंधाऱ्या खोलीत बसून तू पाहिलंस, तेही सांगितलं.

"संगं कोण व्हतं तिच्या?"

ते मी तुला विचारलंच नव्हतं आणि तूही सांगितलं नव्हतंस. नानांनी ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांनी धोतराचा सोगा तोंडाशी नेला, पण तो पुरला नाही. आपल्या नानांचा रडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. मोठ्याने, लहान मुलासारखे रडले, दार उघडं टाकून, गल्लीला ऐकू जाईल असे.

गयामावशी आली. भाकरी थापता थापता उठून आली होती, दोन्ही हात पिठाने भरलेले. गुडघे धरत ओसरीवर टेकली, नानांच्या अगदी जवळ, आणि बसून राहिली.